चाप

“बरं, आणि मग ही थांबते कशी?” छत्रीवाल्या काकूंनी विचारलं आणि माहिती सांगणाऱ्या मुलीचं उघडं तोंड उघडंच राहिलं.

तसं ते सकाळपासून उघडंच होतं. रविवारी शस्त्रसंग्रहालयाच्या मागच्या दालनाचं दार उघडलं की आमच्या कन्येचं तोंड उघडतं, आणि मिटतातही दोन्ही एकदमच, असं बाबा सगळ्यांना सांगत. बाबा तिथले फिटर. दालनात टेबलांवर मांडलेल्या मशीनगना त्यांनीच मागच्या कार्यशाळेत उभ्या चिरल्या होत्या, फळ चिरून बिया दाखवाव्यात तशा, आणि कापलेल्या कडांना लाल रंग दिला होता, म्हणजे लोखंड कुठे संपतं आणि पोकळी कुठे सुरू होते ते पाहणाऱ्याला एका नजरेत कळावं. आत गोळ्या लाकडाच्या. ती दहावीतली, गळ्यात ‘विद्यार्थी मार्गदर्शक’ अशी पाटी, केस चापूनचोपून मागे नेऊन त्यांना निळा चाप, आणि पुढ्यात अर्धवर्तुळ करून उभी असलेली सुट्टीची माणसं. बोलायला लागली की तिला स्वतःचाच आवाज आवडायचा. खोटं कशाला बोला, खूपच आवडायचा. काय तो गुळगुळीत, काय तो घरंगळत जाणारा! आत्ताही तिने डोळे मोठे करून सांगितलं होतं, की मशीनगन म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करणारी चक्रम वस्तू: गोळी घरात घ्या, दार लावा, उडवा, दार उघडा, रिकामी पुंगळी बाहेर टाका, पुन्हा गोळी घरात घ्या. प्रश्न एवढाच की हे सगळं करायची ताकद आणायची कुठून. आणि त्या छत्रीवाल्या काकूंनी, बाहेर लख्ख ऊन असताना मुठीत छत्री घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या काकूंनी, मान तिरकी करून भलतंच विचारलं. थांबते कशी. “त—” ती म्हणाली. ती थांबते, असं म्हणायचं होतं. “त— त—”

“अडकली बंदूक!” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. चांगले हसले, प्रेमाने. तीसुद्धा हसली. मग झटकन “चाप सोडला की,” असं वाक्याचं शेपूटच तेवढं बोलून ती पुढच्या टेबलाकडे वळली, पण पायाखालची फरशी मघाच्यापेक्षा बोटभर खाली गेल्यासारखं तिला वाटलं. इथे कधी झालं नव्हतं. वर्गात झालं होतं, दुकानात झालं होतं, फोनवर तर विचारूच नका. पण इथे, या लाल कडांच्या मध्ये, गेल्या सुट्टीपासून एकदाही झालं नव्हतं, आणि त्यामुळे ते आता कायमचं गेलं असं तिने धरून टाकलं होतं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं होतं. आरशासमोर भुवया उडवायला शिकली होती. आणि सकाळी तर घरी तिने असं काही धडाधड बोलून दाखवलं होतं की आई म्हणाली होती, अगं बाई, तोंडाचा पट्टा आवर.

पट्टा. दुसऱ्या टेबलावर पट्टा होता, कापडी, त्यात लाकडी गोळ्या ओळीने खोचलेल्या. “ही हँडलवाली,” ती म्हणत होती, तोंड आपापलं चालू होतं, “हिला एकच नळी नाही, वर्तुळात बांधलेल्या कितीतरी नळ्या आहेत. रहाटगाडगं पाहिलंय ना? एक गाडगं पाण्यात, एक भरलेलं वर येतंय, एक ओतलं जातंय. तस्संच. ही नळी गोळी घेतेय, ही उडवतेय, ही पुंगळी टाकतेय, आणि गरम झालेली नळी जरा वारा खातेय. फिरवणारा मात्र बाहेरचा. पूर्वी माणूस हाताने फिरवायचा, नंतर विजेची मोटर आली, पण तत्त्व तेच.” तिने हँडल फिरवलं. नळ्या संथपणे फिरल्या, एक लाकडी गोळी आत गेली आणि दुसरीकडून टपकन ट्रेमध्ये पडली. “आणि हिची गंमत म्हणजे एखादी गोळी फुसकी निघाली, उडालीच नाही, तरी हिला फरक पडत नाही. फिरवणारा फिरवतोच आहे. फुसकी गोळी आपोआप बाहेर आणि पुढची हजर. ही अडखळतच नाही.” हे ती दर रविवारी म्हणायची. आज म्हणताना मात्र तिच्या हाताखालचं हँडल एकाएकी दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरल्यासारखं ऊबदार लागलं, आणि तिने ते सोडून दिलं.

ताईचा हात असाच असायचा, कायम गरम. लहानपणी त-त-प-प सुरू झालं की ताई तिचा हात धरून पुढचं वाक्य म्हणून टाकायची. वहीच्या दुकानात काउंटरपाशी ती “दोन त— त—” एवढ्यावर यायची आणि ताई म्हणायची, “दोन तांबड्या रंगाच्या वह्या द्या, रेघांच्या.” शब्द अडकला की ताईने तो बाहेर काढून टाकलाच आणि पुढचा आत. मुलं तिला मशीनगन म्हणायची, तोंडाने त-त-त-त करत बाकामागे लपायची, मेल्यासारखी पडायची, आणि ताई मधल्या सुट्टीत येऊन त्या मेलेल्यांना खरोखरचे फटके द्यायची. ताईने मात्र तिचं नाव टकळी ठेवलं होतं. शब्द फुटत नव्हता तेव्हापासून. “आमची टकळी बघा कशी चालते,” असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुण्यांना तो विनोद वाटायचा, पण ताईचा तो विनोद नसायचा. सगळ्यात मोठी पंचाईत खुद्द ‘ताई’ या शब्दाची होती. त सगळ्यांत वाईट. लहानपणी तिने त गिळून नुसतं ‘आई’ म्हणायला सुरुवात केली, मग हाक मारली की आतून आई यायची आणि बाहेरून ताई यायची, आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या. घरात दोन आया झाल्या म्हणून बाबा हसायचे. पुढे तिने ‘अगं’ शोधून काढलं. अगं, ऐक ना. अगं, जेवायला चल. आजतागायत तिने ताईला ताई म्हणून हाक मारली नव्हती, आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आलं असेल का? तिला कळेना. आज सगळंच असं होत होतं, हातात घेतलेली वस्तू उलटी करून बघितली की ती वेगळीच निघत होती.

“आता ही,” ती तिसऱ्या टेबलाशी आली. “हिला बाहेरचं कुणीही नको. गोळी पुढे सुटली की बंदूक मागे धक्का देते, हो ना? साध्या बंदुकीत तो धक्का खांद्याला बसतो आणि फुकट जातो. हिच्यात तो फुकट जात नाही. नळी आणि हा मागचा बोल्ट, म्हणजे दार, दोघं एकमेकांना अडकलेले थोडंसं मागे सरकतात. मग नळी थांबते, कुलूप सुटतं, बोल्ट एकटाच आणखी मागे जातो, पुंगळी ओढून बाहेर फेकतो, स्प्रिंग दाबली जाते, स्प्रिंग त्याला परत पुढे लोटते आणि येताना तो पट्ट्यातली नवी गोळी घेऊन येतो. म्हणजे हिने स्वतःच दिलेला धक्का, हिनेच खाल्ला, आणि त्याच धक्क्याने पुढची भरली.” हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, पण चिरलेल्या बंदुकीत ती बोल्ट हाताने हळूहळू मागे ओढून दाखवायची आणि लोकांना ते अर्ध्या मिनिटाचं नाटक वाटायचं. तिला हे आवडायचं. भयंकर वेगाने घडणाऱ्या गोष्टीला बोटाने धरून संथ करायचं. आज बोल्ट ओढताना तिला स्वयंपाकघर दिसलं. सकाळचं. ओट्यावर ताईची मोठी बॅग, तोंड वासून पडलेली. ताईला दुसऱ्या गावात नोकरी लागली होती, फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची. दोघींच्या वाटचं एकटीने बोलून बोलून तिचा आवाजच असा काही तयार झाला होता की त्यांनी पहिल्या मुलाखतीतच घेतली. दुपारची गाडी. “अगं, बॅगेचा पट्टा कुठे गेला? तू पाहिलास?” ताईने विचारलं. आणि तिला सांगायचं होतं की तुटला होता, काल खिळ्यातून निसटून हातात आला, तुला कळायच्या आत बाबांकडे नीट करायला दिलाय, दुपारी आणते. एवढंच. चांगली बातमी होती ती. तिने सुरू केलं, “त— त—” आणि ताईने नेहमीसारखं, पाठमोरी, साड्यांची घडी न थांबवता, अगदी मायेने म्हटलं, “तुला हवाय? घे बाई, ठेव तुलाच. मी दोरी बांधेन.”

बस्स. इथे नेमकं काय झालं ते तिला आता बोल्ट ओढतानाही धरता येत नव्हतं. पहिलं वाक्य तिचं होतं, हे नक्की. “तू मला बोलू का देत नाहीस?” ते तिचंच. पण त्या वाक्याचा धक्का तिलाच बसला, आणि त्या धक्क्याने पुढचं वाक्य आपोआप भरलं गेलं. तू आयुष्यभर माझी वाक्यं पळवलीस. तू होतीस म्हणून मी तोतरी राहिले. तुला आवडायचं मी अडकलेलं, मग तुझी वाहवा व्हायची. तू गेलीस की मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेईन. एकही अडला नाही! तू, तू, तू, सगळी वाक्यं त-नेच सुरू होणारी, तोच तो त, जो दोन तांबड्या वह्यांसाठी कधी सुटला नाही. आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे बोलता बोलता आतून तिला कौतुक वाटत होतं. वा, काय सुटतंय! आई म्हणाली, तोंडाचा पट्टा आवर. ताईने घडी केलेली साडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा तीच घडी घातली. मग ती वाक्यं कुणाची होती? तिला खरंच असं वाटत होतं का? एखादं वाटतही असेल, मधलं कुठलंतरी. पण कुठलं? पट्ट्यात सगळ्या गोळ्या सारख्याच दिसतात. फुसकी कुठली आणि खरी कुठली हे उडाल्याशिवाय कळत नाही, आणि उडाल्यावर कळून काय करायचं.

“ताई, पुढचं सांगताय ना?” कुणीतरी म्हणालं, आणि ती केवढ्याने दचकली. तिलाच ताई म्हटलं होतं. पाटी घातलेल्या मुलीला लोक ताई म्हणतात, मोठीच गंमत. “हो, हो,” ती म्हणाली. पुढची दोन टेबलं तिने कशीबशी उरकली. वायूवर चालणारी: नळीला पुढच्या बाजूला बारीकसं भोक, त्यातून जळलेल्या दारूचा थोडा वायू चोरून घ्यायचा, त्याने दट्ट्या मागे ढकलायचा, दट्ट्याने बोल्टचं कुलूप उघडायचं. आणि ती आखूड, बुटकी, कुलूपच नसलेली, नुसत्या जड बोल्टच्या वजनावर भागवणारी. पुंगळीच त्याला मागे ढकलते, आणि तो असा आळशी, वजनदार की हलायला वेळ लावतो, तेवढ्यात गोळी निघून जाते. लोक माना डोलावत होते. छत्रीवाल्या काकू मात्र अजून त्या तिसऱ्या टेबलापाशीच वाकून उभ्या होत्या. टाळ्या झाल्या, माणसं पांगली, तेव्हा त्या तिच्याजवळ आल्या. “अगं पोरी, मी मघाशी विचारलं ते चेष्टेत नव्हे हं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे मिक्सर आहे ना, बटण बंद केलं तरी चालूच राहतो मेला. म्हणून आपलं मला वाटलं, हिचंही तसं होत असेल का. चाप सोडला आणि थांबलीच नाही तर?” “बाबांना विचारते,” ती म्हणाली. सरळ, न अडता. त्या हसल्या, छत्री उघडून उन्हात गेल्या.

कार्यशाळेत तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. बाबा टेबलाशी वाकून ताईच्या बॅगेच्या पट्ट्याला रिबिट ठोकत होते, आणि त्याच टेबलावर, अगदी खेटून, दुसरा पट्टा पडला होता, रिकामा, गोळ्यांचा. दोन्हींचं कापड एकाच मातकट रंगाचं. “आली का तोफ?” बाबा न बघता म्हणाले.

“बाबा, चाप सोडल्यावरही चालू राहते का हो?”

“राहते की. नळी लालबुंद तापली आणि बोल्ट बंद असला, तर आतली गोळी नुसत्या उष्णतेनेच उडते. तिला चाप-बिप काही लागत नाही. उडाली की धक्का, धक्क्याने पुढची आत, तीही उडाली. म्हणून तर पुष्कळ गनांमध्ये थांबताना बोल्ट मागे उघडा ठेवतात, घर रिकामं. वारा लागू दे म्हणावं.”

“मग थांबवायची कशी?”

“पट्टा पिरगळायचा. गोळ्याच आत जाऊ द्यायच्या नाहीत.” त्यांनी हातातला ताईचा पट्टा पिरगळून दाखवला, मग चूक लक्षात येऊन तो मांडीवर सरळ केला. “आणि तुझी ताई काय म्हणते? सकाळी घरातून निघताना मागून आवाज ऐकला मी. चांगलाच खटका उडाला वाटतं. म्हटलं, ताप उतरला की सांगेल.”

“मीच बोलले सगळं.”

“ते ऐकू आलं. ती कुठे बोलली?” बाबांनी रिबिट अंगठ्याने दाबून पाहिलं. “एकदा विचारलं होतं मी तिला, तू हिचं सगळं का बोलतेस म्हणून. तेव्हा एवढीशी होती ती. म्हणाली, बाबा, ही अडकली की माझाच श्वास अडकतो. मला थांबता येत नाही.” ते उठले. “घे. निघ आता, गाडी चुकायची तिची. आणि जरा तोंडाला चाप लाव.”

रस्त्यावर सगळं उन्हात पांढरं झालं होतं. ती पट्टा हाताला गुंडाळून जवळजवळ पळत होती, आणि चाप हा शब्द तिच्या डोक्यात पळत होता. चाप ओढला की सुरू. चाप लावला की बंद. हे काय आहे? एकाच शब्दाने सुरूही व्हायचं आणि थांबायचंही? आणि तिच्या डोक्यावर तिसराच चाप होता, निळा, तो केसांना धरून बसला होता. ताईलाही थांबता येत नव्हतं. म्हणजे काय? म्हणजे हँडल फिरवणाऱ्यालाही हँडल सोडता येत नव्हतं? तिला नेहमी वाटायचं ताई मोकळी आहे आणि आपण अडकलेल्या. आता वाटलं, कुणास ठाऊक कोण कुणाला फिरवत होतं. कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला आणि ती थांबली, आणि थांबल्यावर आतलं सगळं धाडकन पुढे येऊन आदळलं. गेल्या गेल्या काय म्हणायचं? सॉरी? सॉरी सोपं होतं, स अडायचा नाही, घरंगळत जायचा. सॉरी अगं, रागात बोलले, तू मनावर घेऊ नकोस, तू गेलीस की मला करमणार नाही. ती मनातल्या मनात म्हणून बघत होती आणि पहिलं म्हणताच पुढचं आपोआप हजर होत होतं, गुळगुळीत, संग्रहालयातल्यासारखं, भुवयांसकट. तिला शिसारी आली. हेही सकाळसारखंच. फक्त उलट्या दिशेला. सिग्नल हिरवा झालेला तिला दिसला नाही, मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा ती निघाली. जिना चढताना तिने ठरवलं की काहीच ठरवायचं नाही, आणि ते ठरवल्यावर तर ती पुरतीच घाबरली.

दार उघडंच होतं. बॅग दाराशी उभी होती, कडेला दोरी बांधलेली, लाल, नायलॉनची, कपडे वाळत घालायची. आई खाली रिक्षा बघायला गेली होती. ताई आतल्या खोलीत आरशासमोर, पाठमोरी, दोन्ही हातांनी केस वर गोळा करून धरलेले, आणि दातांत चाप. आरशात तिने हिला पाहिलं. डोळे सुजलेले होते की नुसते धुतलेले, कळेना. ही दारातच उभी राहिली. पट्टा हातात होताच, तो दिसतच होता, त्याच्यासाठी शब्दाची गरज नव्हती. पुढे करून ‘अगं, घे’ म्हटलं असतं तरी काम झालं असतं. ‘अगं’ जिभेच्या टोकावर आलं होतं, सवयीने, बिनबोभाट, आणि तिने ते गिळलं.

“त—” ती म्हणाली.

आरशातली ताई थबकली. “त— त—” पंख्याचा आवाज येत होता. खाली कुणीतरी दुचाकीला किक मारत होतं, एकदा, पुन्हा एकदा. तिला संग्रहालयातला बोल्ट आठवला, हाताने मागे ओढलेला, संथ, आत काहीच नाही, नुसतं उघडं घर आणि लाल कडा. ताईचा उजवा हात केसांतून सुटून तोंडाकडे आला, दातांतला चाप काढायला; ती वळलीसुद्धा, भुवया वर, ओठ बाजूला होत आलेले, आणि हिला ते कितीतरी वर्षांचं ओळखीचं दिसलं, ताईच्या गळ्यात तयार होत असलेलं स्वतःचं वाक्य. तुटला होता? तुला हवाय? तू काय म्हणत होतीस? ताईचा श्वास अडकला होता. खरंच अडकला होता, छाती हलत नव्हती. एवढी वर्षं समोर होतं आणि कधी बघितलं नव्हतं, कारण स्वतः अडकलेलं असताना ही नेहमी जमिनीकडे बघायची. मग ताईची बोटं चापापर्यंत येऊन थांबली. तिने चाप काढला नाही. उलट तो दातांत घट्ट धरला, इतका की जबड्याचं हाड वर आलं. धरलेले केस सुटून खांद्यावर पडले आणि ते तिने तसेच पडू दिले. हात खाली आणून ती उभी राहिली. खाली रिक्षा येऊन थांबल्याचा आवाज आला. आईने हाक मारली.

“त— त— त—” लांबत चाललं होतं. लाज वाटत होती आणि लाज वाटत नव्हती. घाम येत होता. हा शब्द कुणी ढकलत नव्हतं, मागून ना पुढून. हिने पट्टा मुठीत पिरगळला, सोडला, पुन्हा सरळ केला.

“त— ताई,” ती म्हणाली.

पुढचं वाक्य आपोआप आलं नाही. तिने वाट पाहिली, तरी आलं नाही. काय बोलायचं तिला अजिबात माहीत नव्हतं. ताईचे डोळे भरून आले होते आणि ती नाकाने जोरजोरात श्वास घेत होती. दातांतला चाप तसाच ठेवून, मान किंचित पुढे करून, ती म्हणाली, “ऊं?”

आणि थांबली.